मेहरबाईंचं देणं

मैत्रिणींनो, सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटते ना, तिच्या कुठल्या तरी डब्यात हमखास एक असं कुटुंब असतं, की ज्यांच्या मांडीवर कापडी पिशवी असते. पिशवीत फायली, एक्स-रे, कुणी तरी दिलेली ओळखीची चिठ्ठी. कधी बरोबर लहान लेकरू असतं, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. पहाटे दादरला उतरायचं आणि परळ गाठायचं. कुठं निघालात म्हणून विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं, टाटाला! एरवी टाटा म्हणजे मीठ, टाटा म्हणजे ट्रक. पण त्या डब्यात टाटा म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल, बाकी काही नाही.

हे हॉस्पिटल एका बाईच्या जाण्यातून उभं राहिलं, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे? मला तरी नव्हतं. माझ्या जवळच्या नात्यातल्या एका मुलीमुळं मी या बाईंबद्दल वाचायला लागले. त्या मुलीची हकिगत पुढं येईलच. आधी मेहरबाईंची गोष्ट ऐका.

मेहरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ चा. (आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची तारीखही हीच, १० ऑक्टोबर, साल मात्र १९१०. असो.) घराणं पारशी, आडनाव भाभा. वडील होरमसजी भाभा हे विलायतेत शिकून आलेले, म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी. त्यामुळं मुलीचं बालपण म्हैसूर-बंगळूरकडं गेलं. त्या काळात आपल्याकडं मुलीला दुसरी-तिसरी इयत्ता बघायला मिळाली तरी पुष्कळ म्हणायचे. मेहरबाई मात्र इंग्रजी शिकल्या, पियानो शिकल्या, घोड्यावर बसायला शिकल्या. वडिलांच्या घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि मुलीला अमुक करू नको म्हणणारंही कुणी नव्हतं.

जमशेटजी टाटांचं म्हैसूरकडं जाणं-येणं असायचं. भाभांच्या घरची ही शिकलेली, धीट मुलगी त्यांच्या मनात भरली. त्यांचा थोरला मुलगा दोराबजी अडतीस वर्षांचा झाला होता आणि अजून बिनलग्नाचा होता. जमशेटजींनी मुलाला म्हैसूरला जाऊन भाभांच्या घरी भेट देऊन यायला सांगितलं. पुढचं काय सांगायचं? १४ फेब्रुवारी १८९८ रोजी लग्न झालं. नवरी अठरा वर्षांची, नवरा तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. आज आपण अशा स्थळाला नाकं मुरडू. पण या दोघांचं इतकं जमलं, की पुढची तेहतीस वर्षं एक दुसऱ्याशिवाय फारसं कुठं दिसलं नाही. मूलबाळ झालं नाही. त्यावरून घरात कुणी टोचून बोललं का, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मला मात्र वाचताना सारखं तेच विचारावंसं वाटत होतं.

दोराबजींना खेळाचं भारी वेड. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी आपली शेतकऱ्यांची पोरं पाहून त्यांच्या मनात आलं, की यांना ऑलिम्पिकला का पाठवू नये? १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला भारताचा संघ गेला, त्याला त्यांनी पदरचे पैसे घातले. नवरा असा, तर बायको कशी मागं राहील? मेहरबाई टेनिस खेळायच्या आणि नुसत्या हौसेनं नव्हे, साठाहून जास्त बक्षिसं त्यांनी मिळवली. तीही साडी नेसून! १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला मिश्र दुहेरीत महंमद स्लीम यांच्या जोडीला त्यांचं नाव होतं. विलायतेत गेल्या, राजवाड्यात गेल्या, तरी साडी सोडली नाही. आपल्यातल्या काहीजणी मॉर्निंग वॉकला जाताना साडीवर बूट घालायला लाजतात, त्यांनी मेहरबाईंचा साडीतला टेनिसचा फोटो एकदा जरूर पाहावा.

आता हिऱ्याची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मेहरबाई पुऱ्या होत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतल्या जागर्सफोंटेनच्या खाणीत १८९५ साली एक प्रचंड हिरा सापडला. त्याला पैलू पाडून झाले तेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं होत होती, म्हणून नाव पडलं ज्युबिली. वजन २४५ कॅरट. कोहिनूर आज आहे त्याच्या दुपटीहून मोठा! दोराबजींनी तो १९०० च्या सुमारास विकत घेतला आणि बायकोला दिला. मेहरबाई तो क्वचितच, अगदी खास समारंभाला घालायच्या.

मग १९२४ साल आलं. पहिलं महायुद्ध संपून गेलेलं, पोलादाचे भाव पडलेले, आणि जमशेदपूरच्या कारखान्यात कामगारांचे पगार द्यायला पैसे नव्हते. कारखाना बंद पडतो की काय अशी वेळ. दोराबजींनी स्वतःची सगळी खासगी मालमत्ता बँकेकडं तारण ठेवली, त्यात बायकोचा हा हिराही गेला. इम्पीरियल बँकेनं एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि कारखाना वाचला. पगार थकले नाहीत, पुढं कर्जही फिटलं.

बायकोचा दागिना गहाण ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या सोलापूरच्या बायकांना वेगळं सांगायला नको. गिरण्या बंद पडल्या तेव्हा किती घरांतली मंगळसूत्रं सराफाकडं गेली, त्यातली किती परत आली! मेहरबाईंच्या घरी पैशाला कमी नव्हती, त्यांची आणि आपली बरोबरी नाही हे खरंच. तरी दागिना तो दागिनाच. तो काढून देताना हात जड होतो.

पण हिऱ्यात अडकून पडणाऱ्या त्या नव्हत्या. दोराबजींना सर किताब मिळाला आणि त्या लेडी टाटा झाल्या. १९१९ साली ब्रिटिश बादशहाकडून त्यांना स्वतःलाही सीबीई हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी रेडक्रॉसचं काम केलं. मुंबई इलाख्यातल्या बायकांच्या वेगवेगळ्या मंडळांना एकत्र आणून परिषद उभी केली. देशपातळीवरच्या महिला परिषदेच्या उभारणीत त्या पुढं होत्या आणि ती जगातल्या स्त्रियांच्या संघटनेशी जोडली गेली. बायकांना मत देण्याचा हक्क, मुलींचं शिक्षण, पडदा, बालविवाह हे त्यांचे विषय. १९२७ साली अमेरिकेतल्या बॅटल क्रीक या गावी जाऊन त्यांनी हिंदुस्थानातल्या बायकांबद्दल आणि लग्नाच्या कायद्याबद्दल भाषण केलं. पुढं १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा झाला, त्याच्या घडणीच्या वेळीही त्यांचं मत घेतलं गेलं. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा! आज ऐकून हसू येईल, पण त्या वेळी एवढ्यावरूनही केवढी खळबळ माजली होती.

अशी ही धडधाकट, मैदानावर पळणारी, बोटीनं देशोदेशी हिंडणारी बाई आजारी पडली. निदान झालं ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं. आपल्या हाडांच्या आत जो मगज असतो तिथं रक्त तयार होतं. तिथंच पांढऱ्या पेशी वेड्यासारख्या वाढायला लागतात आणि चांगल्या रक्ताला जागाच राहत नाही. माणूस फिका पडतो, ताप येतो, जरा लागलं तरी रक्त थांबत नाही. त्या काळी डॉक्टर क्ष-किरण देत, आर्सेनिक देत. त्यानं थोडे दिवस बरं वाटे. रोग बरा करील असं औषध जगात कुठंच नव्हतं. पैशानं जे विकत घेता येतं ते सगळं दोराबजींना परवडणारं होतं, पण विकत घ्यायला औषधच नव्हतं. १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या रुथिन इथल्या शुश्रूषागृहात मेहरबाई गेल्या. वय एक्कावन्न.

दोराबजी बहात्तरीकडं झुकलेले. एखादा माणूस खचून गेला असता. त्यांनी काय केलं, तर पुढच्या वर्षभरात जवळजवळ सगळी मालमत्ता धर्मादाय करून टाकली. १९३२ साली बायकोच्या नावानं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, कशासाठी, तर ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी. त्याचा मोठा हिस्सा जगभरातल्या शास्त्रज्ञांकडं जायचा. म्हणजे संशोधक इंग्लंडचा असो की जर्मनीचा, औषध सापडल्याशी कारण. मेहरबाईंच्या नावानं दुसराही एक ट्रस्ट झाला, शिकलेल्या भारतीय मुलींना परदेशात पुढं शिकायला मदत करणारा.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या काळात कॅन्सरचं नावसुद्धा कुणी घेत नसे. घरात कुणाला झाला तर पोटाचा विकार होता, ताप होता, असं सांगून वेळ मारून न्यायचे. दोराबजींनी बायकोच्या नावाला तिच्या आजाराचं नाव जोडलं. कागदावर, सगळ्या जगासमोर. लपवलं नाही.

लगेच पुढच्या वर्षी, बायकोच्या थडग्याचं दर्शन घ्यायला म्हणून दोराबजी इंग्लंडला निघाले. वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथं ३ जून १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. मेहरबाईंचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं. लंडनजवळच्या ब्रुकवूड इथल्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत. तो ज्युबिली हिरा पुढं विकला गेला, पैसा ट्रस्टकडं आला. आणि मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तेव्हा खाटा होत्या ऐंशी. १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं ते हाती घेतलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडं आहे. त्या वेळी अणुऊर्जा खात्याचे प्रमुख कोण होते माहीत आहे? डॉ. होमी भाभा. मेहरबाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा! आत्याच्या नावानं उभं राहिलेलं हॉस्पिटल असं भाच्याच्या हाती आलं.

मेहरबाईंना जे औषध मिळालं नाही, ते त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी सापडायला लागलं. अमेरिकेत बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना एक औषध देऊन पाहिलं आणि मरणाच्या दारातली मुलं काही महिने का होईना, उठून खेळायला लागली. १९४८ मध्ये ते जगाला कळलं. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. मग एकामागून एक औषधं आली. श्रीमंत देशांत आज कॅन्सर झालेल्या शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं वाचतात. आपल्याकडं अजून तेवढी नाही, पण वेळेवर मोठ्या केंद्रात पोचलेली पुष्कळ मुलं बरी होऊन घरी येतात. शाळेत जातात, नोकरीला लागतात, लग्नं करतात.

आणि आता त्या मुलीची हकिगत.

ती माझ्या नात्यातली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. दोन वर्षांची असताना तिच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. सहा महिने आई तिला घेऊन मुंबईत राहिली, वडील सोलापुरात थोरल्याला सांभाळत. औषधं झाली, ऑपरेशन झालं, पोरगी वाचली. घरी आल्यावर आईनं सगळी फाईल ट्रंकेत तळाशी घातली, वर लग्नातला शालू ठेवला आणि कुलूप लावलं. पुढं स्थळं बघायला लागले तेव्हा कुणी पोटावरच्या व्रणाबद्दल विचारलंच तर लहानपणचं ऑपरेशन एवढंच सांगायचं ठरलं. मी त्या आईला नावं ठेवणार नाही. तिच्या जागी आपण असतो तर वेगळं केलं असतं का?

मुलगी शाळेत मागं पडली. धड्यात लक्ष नाही म्हणून छड्या खाल्ल्या. शुद्धलेखनात स, श, ख, फ यांचा सगळा गोंधळ. लग्न होऊन ती अक्कलकोट रोडकडं गेली. घराखालीच टॉवेलचे यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. सासूबाई मागून हाक मारायच्या, ही वळायची नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन भात लागायचा. साठ रुपये म्हटलं की ही आठ ऐकायची, शाल म्हटलं की साल. सासरी सगळ्यांचं एकच मत झालं, सून आढ्यतेखोर आहे, मुद्दाम उत्तर देत नाही. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं, की आपल्यातच काही तरी कमी आहे, आपण बावळट आहोत. तिचा मुलगा बोलायला लागला आणि त्याचं बोबडं बोलणं तिला एकटीलाच कळेना, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

कान तपासले. ऑडिओमेट्री नावाची तपासणी असते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, वेगवेगळे बारीक-जाड आवाज देतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, सुई नाही. जाड आवाज तिला नीट ऐकू येत होते. बारीक, उंच आवाज दोन्ही कानांना येतच नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी काही मोठा आजार झाला होता का? आई गप्प. मग बऱ्याच वेळानं ट्रंकेतली फाईल बाहेर आली. तीत औषधाचं नाव होतं सिस्प्लॅटिन.

हे औषध बनतं प्लॅटिनमपासून. हो, तोच प्लॅटिनम, ज्याच्या अंगठ्या हल्ली साखरपुड्यात घालतात. बार्नेट रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९६५ मध्ये त्याचा गुण योगायोगानंच लक्षात आला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. लिव्हरची, हाडांची, मेंदूची, मज्जातंतूंची गाठ असलेल्या कितीतरी मुलांचे प्राण यानं वाचवले आहेत. पण कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग असतो, तिथल्या केसांसारख्या नाजूक पेशी यानं मरतात. त्या पेशी जन्माला येताना जेवढ्या मिळतात तेवढ्याच, पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच आवाज टिपणाऱ्या पेशी जातात. म्हणून माणूस बहिरा वाटत नाही. बोललेलं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. अ, आ, ओ हे स्वर ऐकू येतात, स, श, फ, ख, थ ही व्यंजनं निसटतात. पुरुषांचं बोलणं त्यातल्या त्यात समजतं, बायकांचं आणि लेकरांचं अवघड जातं. घरातल्या गोंगाटात तर काहीच लागत नाही.

औषध घेतलेलं मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर धोका जास्त. एकूण डोस जास्त झाला असेल, डोक्याला किरण दिले असतील, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं बरेच दिवस दिली असतील, तरीही जास्त. कार्बोप्लॅटिन या दुसऱ्या औषधानं त्रास कमी प्रमाणात होतो, पण होऊ शकतो. रक्ताच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात सिस्प्लॅटिन सहसा नसतं, तेव्हा त्या मुलांच्या आयांनी उगाच घाबरून जाऊ नये. मात्र डोक्याला किरण किंवा ती इंजेक्शनं झाली असतील तर एकदा कान दाखवून घ्यावेत. आणि हे नुकसान कधी कधी उपचार संपल्यावर काही वर्षांनीसुद्धा वाढतं, हीच खरी मेख आहे. पाचव्या वर्षी चांगले असलेले कान पंचविसाव्या वर्षी तसेच असतील असं नाही. त्यात वर यंत्रमागाचा खडखडाट, लग्नातला डीजे, कानात तासन् तास इअरफोन. चांगल्या कानालाही हे सोसत नाही, मग आधीच दुखावलेल्या कानाचं काय!

म्हणून औषधच नको म्हणायचं का? मुळीच नाही. मेहरबाईंना असं एखादं औषध मिळालं असतं तर? कान थोडे गेले पण मूल राहिलं, हा सौदा कुठलीही आई करील. फक्त डॉक्टरांना पहिल्यापासून विचारायचं, की यानं कानाला काही होईल का, मधून मधून तपासणार का. आता तर सोडियम थायोसल्फेट नावाचं एक औषध आहे. सिस्प्लॅटिन दिल्यावर सहा तासांनी ते दिलं तर काही मुलांचे कान वाचतात. २०१८ मध्ये लिव्हरच्या गाठीच्या मुलांवरचा मोठा अभ्यास जाहीर झाला. नुसतं सिस्प्लॅटिन दिलेल्यांत ६३ टक्के मुलांना ऐकण्याचा त्रास झाला, हे औषध जोडीला दिलेल्यांत ३३ टक्के. अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. रोग शरीरात पसरलेला नसेल अशाच मुलांसाठी ते आहे, हे डॉक्टर ठरवतात. आणि ज्यांचे कान आधीच गेलेत त्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी श्रवणयंत्र आहे, फारच कमी ऐकू येत असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आहे.

टाटा हॉस्पिटलमध्ये १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी चालते. मूल मोठं होऊन बाप्या झालं तरी तिथं यायचं असतं. हृदय, थायरॉइड, उंची, मूल होण्याच्या अडचणी, कान, सगळं बघतात. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटल आहे. खेड्यापाड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचं काम तिथं १९८७ पासून सुरू झालं, तेव्हा या बाबतीत देशात बार्शी पहिली. बरी झालेली पोरं मात्र एकदा घरी गेली की कित्येकदा परत फिरकतच नाहीत. कारण विचाराल तर तेच. झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला कुणाला कळू द्या!

कळू द्या म्हणजे गावभर दवंडी पिटा असं नाही हो. पण निदान त्या मुलाला तरी मोठं झाल्यावर सांगा, की तुला हे झालं होतं, अमुक औषध दिलं होतं. फाईल कोरडी ठेवा, मोबाइलवर तिचे फोटो काढून ठेवा. पुढं कुठलाही डॉक्टर जंतुसंसर्गासाठी इंजेक्शन लिहून देत असेल तर हे त्याला सांगता आलं पाहिजे. सरकारी दाखल्याबद्दल एकजण विचारत होती म्हणून सांगते, २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० डेसिबलपासून पुढं उणेपणा लागतो. नुसते उंच आवाज गेलेल्यांची तपासणी त्यात बसेलच असं नाही. हा मला अन्याय वाटतो, पण नियम तसा आहे. दाखला नाही म्हणजे त्रास नाही, असं मात्र कुणी समजू नये.

आमच्या मुलीला दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिल्या दिवशी ती वैतागून गेली. भांड्यांचा आवाज, चपलांचा आवाज, कागदाचा चुरचुर आवाज, एवढे आवाज जगात असतात हेच तिला ठाऊक नव्हतं. यंत्र काढून ठेवते म्हणाली. आठ-दहा दिवसांनी सवय झाली. यंत्रमागाच्या शेडमध्ये जायचं झालं तर आता ती यंत्रं काढून कानावर जाड कव्हर लावते. कव्हर नवऱ्यानं पुण्याहून आणून दिलंय, आणि स्वतःसाठीही एक आणलंय.

सासूबाईंना सगळं सांगायचं की नाही यावर माहेरी चार दिवस खल चालला होता. शेवटी मुलीनंच एका दुपारी फाईल नेऊन त्यांच्यासमोर ठेवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चष्मा लावून एकेक कागद उलटत राहिल्या. इंग्रजी वाचता येत नाही, पण एका कागदाला दोन वर्षांच्या मुलीचा छोटा फोटो लावलेला होता, टक्कल केलेला. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

पुढच्या महिन्यात तिची मुंबईची तारीख आहे. सिद्धेश्वरची तीन तिकिटं काढलीत, तिसरं सासूबाईंचं. ते अजून वेटिंगवर आहे.